तिला गाडी लागायची

दोरीच्या पहिल्या गाठीवर तिनं बोट ठेवलं आणि मी दुसरी गाठ आवळली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं रोजचं काम ते. आमच्या लहान गाडीच्या डिकीत टोमॅटोची तीन क्रेटं बसवली की दार खाली येत नाही. मग ते अर्धं उघडं ठेवून दोरीनं खालच्या कडीला बांधायचं. एकट्यानं बांधलं तर गाठ सैल पडते, म्हणून ती बोट ठेवायची. बोट अडकलं की म्हणायची, "अवो, बोट सोडा, त्याच बोटानं भाकरी थापायच्या हायेत अजून." त्या दिवशीही म्हणाली. मग मागच्या सीटवर दोन क्रेटांच्या शेजारी अंग चोरून बसली. एक क्रेट पुढं माझ्या शेजारच्या सीटवर. क्रेटाला पुढची सीट आणि बायकोला मागची, याचं मला तेव्हा काही वाटत नव्हतं. पुढचं क्रेट निवडक मालाचं असायचं, ते दबायला नको.

नारायणगावच्या मार्केटला माल उतरवला आणि रिकामी क्रेटं भरून, डिकी पुन्हा तशीच बांधून निघालो. गाव निम्म्यावर आलं असेल, तिनं माझ्या खांद्याला हात लावला.

"थांबवा जरा."

मी गाडी बाजूला घेतली. ती उतरली, चार पावलं गेली आणि बाभळीच्या बुंध्याला धरून ओकली. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो. इंजिनही बंद केलं नाही.

"डोकं भणभण करतंय," परत येऊन बसताना ती म्हणाली. "तुमच्या गाडीत वास येतोय. राकेलवानी."

"पेट्रोलच्या गाडीला पेट्रोलचाच वास यायचा. अत्तराचा येईल व्हय?"

"येष्टीत न्हाई हुत मला असं."

"येष्टी सरकारची हाय. तिला बघून तुझ्या पोटाला धाक बसत आसंल."

ती हसली. पदरानं तोंड पुसत हसली. घरी आल्यावर हातपाय धुऊन तासभर पडली आणि मग उठून कामाला लागली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडता झाडता ती खाली बसली. मी गोठ्यात होतो. झाडूचा आवाज थांबला म्हणून बाहेर आलो. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. डॉक्टरनं सांगितलं, हार्ट.

हे ज्येष्ठातलं. पुढचं सांगतो ते दिवाळीच्या आधीचं आहे.

गाडी घेतली होती चार वर्षांपूर्वी, मंचरच्या एका माणसाकडून, जुनी. पांढरी, पेट्रोलची, मागं वर उघडणाऱ्या दाराची. आम्हाला तिचं लई कौतुक. पहिल्यांदा हळद-कुंकू तिनंच लावलं होतं. पण पुढं पुढं तिला गाडी लागायला लागली. आपल्याकडं कुणाला गाडी लागते म्हणलं की कुणी जास्त विचारत नाही. उंची, रंग, तसाच तो त्या माणसाचा एक गुण धरतात. लिंबू हुंगायचं, बुडाखाली पेपर घालून बसायचं, आल्याची गोळी चघळायची. तिनं सगळं केलं. तिचं माहेर शिनोलीला. तिथंही आम्ही टोमॅटोची क्रेटं घेऊन, डिकी तशीच बांधून जायचो. पोचलो की ही उतरायची ती पिवळी पडलेली, हातात लिंबू. मीच एकदा दारात म्हणालो, "घ्या, तुमची लिंबवाली आली." सगळे हसले. तेव्हापासून तिकडं तिला तेच नाव पडलं. भावाची नातवंडंसुद्धा "लिंबूआजी आली" म्हणून पळत यायची. तिनं कधी राग धरला नाही. एवढंच म्हणायची, "मी लिंबवाली न्हाई. गाडीत कायतरी हाय." हे एवढं वाक्य ती किती वेळा बोलली असेल. एकानंही ऐकलं नाही.

दहाव्याला तिच्या भावानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "दाजी, अक्काला आधी काय तरास झाला व्हता का?"

मी म्हणालो, "काय नाय. मार्केटावरनं येताना गाडी लागली, नेहमीचंच."

त्यानं मान हलवली. त्यालाही ते नेहमीचंच वाटलं.

ती गेल्यावर गाडी पत्र्याखाली उभी होती. मी फार तर आठवड्यातून एकदा काढायचो. चाकणला कंपनीत असलेला पोरगा फोनवर म्हणाला, "आबा, आता गाडी विकून टाका. तुमची नजर बी कमी झाली. गिऱ्हाईक मी बघतो, तुमी फक्त कागद नीट करून ठेवा." कागद सगळे होते, पीयूसी तेवढी संपली होती. म्हणून एक दिवस हायवेच्या पेट्रोल पंपाजवळ उभ्या असणाऱ्या पीयूसीच्या व्हॅनकडं गेलो.

व्हॅनमध्ये चष्मेवाला एक माणूस बसलेला. त्यानं नंबर प्लेटचा फोटो काढला, सायलेन्सरमध्ये नळी घातली, म्हणाला, "रेस करा." मी केली. तो कॉम्प्युटरकडं बघत राहिला. नळी काढली, पुसली, परत घातली. परत बघितलं.

"बाबा, फेल हाय."

"फेल म्हंजी? गाडी तर पळती."

"पळती, पण वकती लई. कार्बन मोनॉक्साईड लईच जास्त हाय. पेट्रोल नीट जळंना." मग कागदावर काहीतरी लिहिता लिहिता त्यानं सहज विचारलं, "गाडीत बसून डोकं दुखत नाय का तुमचं?"

"नाय."

"घरच्यांचं? उलटी, मळमळ? हा वायू इषारी असतो. तुमी डिझेलचा काळा धूर बघून पळता, पण हा दिसत नाय. मुकाट्यानं काम करतो."

 शेजारी उभा असलेला एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, "बाबा, कशाला डोकं लावता, पलीकडं एक जण नुसत्या फोटोवर पास करून देतो." ज्येष्ठाच्या आधीचा मी असतो तर तडक तिकडं गेलो असतो. पण माझ्या कानात ते 'डोकं' आणि 'उलटी' एवढेच दोन शब्द राहिले. गाडी पास होते की नाही, हे त्या घडीपासून माझ्या लेखी मागं पडलं. मला एकच कळून घ्यायचं होतं. तिला गाडी लागत होती, की ती म्हणत होती तसं गाडीत खरंच काही होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी वारूळवाडीला एका गॅरेजमध्ये गेलो. तिथला मिस्त्री चाळिशीचा, बोलायला तिखट, पण हात शांत. त्याला मी फेल झालेला कागद दिला.

"पास करून देतो बाबा, दुपारपर्यंत."

"पास नंतर. आधी फेल का झाली ते सांग."

"त्याच्याशी तुमाला काय करायचंय?"

"करायचंय."

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि बॉनेट उघडलं.

मी स्टूल घेऊन शेजारी बसलो. शेतकरी माणसाला दुसऱ्याचं काम बघायची सवय असते, आणि न समजलेलं विचारायला मला लाज नाही. त्यानं आधी एअर फिल्टर काढला, उन्हात धरून बघितला. "धूळ हाय, पण एवढ्यानं फेल व्हायची नाय." मग चारही प्लग काढून फडक्यावर ओळीनं ठेवले. चारही काळेकुट्ट, कोरड्या काजळीनं माखलेले. त्यानं एकाला बोट लावून ते बोट माझ्या पंज्यावर पुसलं.

"ही काय हाय?"

"काजळी."

"चारीला सारखी. म्हंजी एखादा प्लग खराब नाय, सगळीकडंच पेट्रोल जास्त पडतंय. आता का पडतंय ते हुडकायचं." त्यानं एक छोटं मशीन डॅशबोर्डखाली जोडलं, आकडे बघितले, मान हलवली. प्लग पुसून परत बसवले आणि गाडी चालू करून ठेवली. पंधरा-वीस मिनिटं तो दुसऱ्याच एका गाडीचं चाक खोलत बसला. मला वाटलं विसरला. मग उठून आला, रेडिएटरच्या जाड नळीवर हात ठेवला, आत डोकावून काट्याकडं बघितलं.

"बाबा, हा गरमीचा काटा कुठं असतो नेहमी?"

"तळालाच. कधी वर जात नाय," मी जरा ऐटीतच म्हणालो. "माझी गाडी कधी तापत नाय."

"हेच तर दुखणं हाय."

"गाडी न तापणं हे दुखणं?"

"थर्मोस्टॅट काढलाय का कुणी?"

आता हे सांगायला लागेल. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात भीमाशंकरला जाताना, शिनोलीच्या पुढं, चढावर गाडी तापली होती. वाफ निघाली. रस्त्याकडेच्या एका फिटरनं गार पाणी ओतलं आणि म्हणाला, "आतली झडप अडकली. नवी टाकायची, का काढूनच टाकू? काढली तर परत आयुष्यात तापायची नाय." मी म्हणालो, काढूनच टाक. आमच्याकडं निम्म्या गाड्यांचा थर्मोस्टॅट असाच काढलेला असतो. घोटाळा करणारी वस्तू काढून टाकली की घोटाळा मिटला, असा आमचा हिशेब. काटा तळाला बसला तो बसलाच. मी गावात चार जणांना तो काटा दाखवला होता.

मिस्त्रीनं दोन बोल्ट काढले, टोपण उचललं आणि मला वाकून बघायला लावलं. आत मोकळं भोक.

"ही झडप पाण्याच्या वाटेत असती," तो म्हणाला. "इंजिन गार असलं की बंद ऱ्हाती, म्हंजी इंजिन लवकर तापतं. तापलं की उघडती. तुमी झडपच काढली, मग पाणी सारखं रेडिएटरात जाऊन गार होऊन येतंय. इंजिनाला ताप चढतच नाय. आणि आतल्या कॉम्प्युटरला वाटतं, गाडी आत्ताच चालू केली, अजून गारच हाय. म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत बसतो. सेन्सर बी काजळीनं आंधळा झालाय त्यात."

मी नीट समजलो नव्हतो. त्यानं ते ओळखलं.

"तुमच्याकडं चूल हाय ना?"

"हाय."

"पेटवताना धूर किती होतो? आणि रसरसली की?"

"मग नाय होत."

"तुमची ही चूल तीन वर्षं नुसती पेटवायचंच चाललंय."

चूल म्हणल्यावर मला बरोबर समजलं. गार चुलीपुढं बसणाऱ्याचे डोळे जातात. आणि मला अजून एक आठवलं, त्या मोकळ्या भोकाकडं बघताना. पहिल्या वर्षी तिला गाडी लागत नव्हती. पहिल्या वर्षी आम्ही लेण्याद्रीला गेलो, ओझरला गेलो, ती माझ्या शेजारी पुढं बसून शेंगा सोलून माझ्या हातावर देत होती. येताना भजी खाल्ली होती. चांगली दोन प्लेट. लिंबू नंतर आलं. हे मला माहीत होतं. तीन वर्षं माहीत होतं, पण एकाशेजारी एक ठेवून कधी बघितलं नव्हतं.

"मग गाडीत बसणाऱ्याला तरास व्हईल का?" मी विचारलं.

"तसा धूर सायलेन्सरमधनं मागं जातो. आत यायचं कारण नाय." तो फडकं शोधायला मागं गेला. डिकीचं दार वर केलं आणि तिथंच थांबला. "ही दोरी कसली?"

"क्रेटं असली की डिकी बांधतो."

"उघडी?"

"अर्धी उघडी."

तो आत वाकला. मागच्या सीटवरचं छताचं कापड त्यानं बोटानं घासलं. पुढं आमच्या डोक्यावर ते कापड अजून पांढरट होतं. मागं पार मळकट, डिकीकडं तर काळं. मला ते मळ वाटायचं. तिच्या डोक्याचं तेल लागून झालं असेल असंही मी एकदा तिला बोललो होतो.

"बाबा," त्यानं आतूनच विचारलं, "मागं कोण बसायचं?"

"आमची मंडळी."

"गाडी पुढं पळती तेव्हा मागची हवा आत ओढली जाती. डिकी उघडी आसली की सायलेन्सरचा सगळा धूर माघारी आत येतो. तुमची काच उघडी आसायची?"

"माझी उघडी. मागच्या काचेचं हँडल तुटलंय."

"कधी?"

"दोन वरसं झाली."

तो बाहेर आला, हात पुसले.  बहुतेक माझ्या तोंडाकडं बघून त्याला समजलं असावं, की मंडळी आता नाहीत.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "झडप आणि सेन्सर मागवतो, दुपारपर्यंत येतील. टाकले की गाडी नीट."

"टाकायच्या आधी एक काम कर."

"काय?"

"मला मागं बसव. डिकी बांध, तशीच. आणि मंचरपर्यंत जाऊन परत ये."

"येड लागलं का बाबा?"

"ती म्हणायची, गाडीत कायतरी हाय. मी म्हणायचो, तुझ्या पोटात हाय. आता गाडी नीट झाली तर मला कधीच कळायचं नाय."

"आवो कळलं की आता! छत बघितलं, भोक बघितलं, अजून काय कळायचं ऱ्हायलं?"

"ते तुला कळलं. मला नाय कळलं."

तो बराच वेळ नाही म्हणत होता. शेवटी म्हणाला, "मी म्हणीन तेव्हा उतरायचं. वाद घालायचा नाय. आणि कुणाला सांगायचं नाय मी असं केलं म्हणून." मी कबूल केलं. आता इथं सांगतो आहे, पण त्याचं नाव काही सांगत नाही.

डिकी त्यानं बांधली. मी तिच्या जागेवर बसलो. मला स्वतःच्या गाडीत मागं बसायची ती पहिलीच वेळ. गुडघे पुढच्या सीटला टेकत होते. बाहेरचं काही धड दिसत नव्हतं, पुढच्या माणसाची फक्त मान दिसते. इथून ती माझी मान बघत असणार.

कळंबपर्यंत काही झालं नाही. मला वाटलं, झालं, मीच खरा. खरं सांगतो, त्या वेळी आत कुठंतरी बरं वाटलं. मग वास आला. राकेलसारखाच. मी तीन वर्षं म्हणत होतो पेट्रोलचा, पण पुढच्या सीटवर येणारा वास निराळा आणि हा निराळा. मंचरला ट्रॅफिकमध्ये गाडी थांबत थांबत चालली, तेव्हा दोन्ही कानशिलं ठोकायला लागली. डोळ्यांत पाणी. जांभया यायला लागल्या, झोपेच्या नव्हेत. मी काचेच्या हँडलकडं हात नेला. तिथं नुसता खुंटा.

"काय बाबा?" आरशात बघत मिस्त्री म्हणाला.

"चल, चल."

परत येताना पोटातून वर यायला लागलं. मी सत्तरी ओलांडलेला माणूस, बैलगाडी, ट्रक, जीपच्या टपावर बसून फिरलेला. मला कधी गाडी लागली नाही. मी पुढच्या सीटची पाठ धरली.

"थांबव जरा," मी म्हणालो.

हे बोललो आणि ऐकू आलं मला, मी काय बोललो ते.

रस्त्याच्या कडेला उसाच्या बांधावर मी ओकलो. मिस्त्रीनं गाडी बंद केली, बाटली घेऊन खाली उतरला, एका हातानं माझं कपाळ धरलं, दुसऱ्या हातानं पाठ. "झालं, झालं. चूळ भरा," म्हणत राहिला. त्याच्या हाताला ग्रीसचा वास होता. गाडीत परत बसवण्याआधी त्यानं दोरी सोडली, डिकी लावली आणि मला पुढं बसवलं.  गॅरेजवर आल्यावर त्यानं चहा मागवला. मी म्हणालो, "चहा नको. मी दवाखान्यात जाऊन येतो."

"लई तरास हुतोय का?"

"माझ्यासाठी नाय."

नारायणगावचा डॉक्टर ओळखीचा. ती गेली तेव्हा यानंच तपासलं होतं. पेशंट होते, मी बाकावर बसून राहिलो. नंबर आल्यावर सगळं सांगितलं. झडप, डिकी, मागची सीट. आणि विचारलं, "डॉक्टर, तुमी सरळ सांगा. मी मारली का तिला?"

तो तरुण आहे, पण त्यानं मला उगाच पाठ थोपटून घरी पाठवलं नाही. म्हणाला, "बाबा, त्यांचं हार्ट आधीपासून कमजोर असणार. शेवटचा प्रवास होऊन दोन दिवस गेले होते. त्या धुरानंच झालं असं मी म्हणणार नाही. धुराचा काही संबंध नव्हता, असंही म्हणणार नाही. कमजोर हार्टला हा धूर चांगला नसतो. एवढंच खात्रीनं सांगतो, डोकं दुखायचं, उलटी व्हायची, वास यायचा, ते सगळं खरं होतं. तो गाडीचाच त्रास होता."

"म्हंजी तिला गाडी लागत नव्हती."

"नव्हती."

मी उठलो. मला मोठ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही आणि मिळणार नाही, हे दाराबाहेर पडतानाच समजलं. पण दुसऱ्या प्रश्नाचं मिळालं होतं. तिला एवढंच तर हवं होतं. कुणीतरी म्हणावं, तू म्हणतीस ते खरं आहे. ते एक अनोळखी मिस्त्री म्हणाला, एक डॉक्टर म्हणाला, आणि ऐकायला मी एकटा.

दुपारनंतर झडप बसली, सेन्सर बसला. मिस्त्रीनं न सांगता मागच्या काचेला हँडलही बसवलं. गाडी चालू केल्यावर काटा हळूहळू वर आला आणि मध्यावर येऊन थांबला. मला ते बघवेना, इतकी वर्षं तळाचा काटा बघायची सवय. "आता ह्यो इथंच ऱ्हाणार. घाबरू नका," तो म्हणाला. मी त्याला निघताना विचारलं, "झडप तेव्हाच नवी टाकली असती, तर?"

"तर काय. डिकी तेवढी लावून घ्यायची व्हती, बाबा." तो बोलला आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं. पण मला त्याचा राग आला नाही. मी विचारलं म्हणून त्यानं सांगितलं.

व्हॅनवाल्यानं पुन्हा नळी घातली. पास. चष्मा वर करून म्हणाला, "बघा, आता कशी सभ्य झाली." कागद मी खिशात घातला. घरी आल्यावर पोराचा फोन आला.

"आबा, झाली का पीयूसी?"

"झाली."

"मग गिऱ्हाईक उद्या सकाळी बघायला येतंय."

"उद्या नको. उद्या मी शिनोलीला चाललोय."

"मामाकडं? काय काम काढलं?"

"हाय काम. आणि गिऱ्हाईकाला सांग, पूर्वी ह्या गाडीत काय व्हतं ते मी त्याला तोंडावर सांगणार हाय. घ्यायची तर घेईल."

 पोरानं विचारलं, "काय व्हतं?" त्याला मी सांगितलं. फोनवर सांगायला नको होतं, पण सांगितलं. तो रडला. मी फोन कानाला धरून बसलो.

सकाळी लवकर निघालो. मंचर, घोडेगाव, शिनोली. तिकडं भाताची कापणी चालू होती. घराला कुलूप, सगळे खाचरावर. मी गाडी रस्त्यावर लावून बांधानं चालत गेलो. तिच्या भावानं मला लांबून बघितलं आणि हातातला विळा कमरेला खोवत पुढं आला.

"दाजी! सांगावा न धाडता? समदं बरं हाय ना?"

"बरं हाय. पावणं, एक सांगायला आलोय. दहाव्याला तुमी मला विचारलं, अक्काला काय तरास झाला व्हता का. मी म्हणलं, गाडी लागली. ते खोटं व्हतं."

"खोटं?"

"तिला गाडी लागत नव्हती. कधीच नाय. गाडीतच खोट व्हती आणि ती खोट मी केली व्हती. ती सांगत व्हती, मी ऐकलं नाय. तुमच्या दारात मी तिला लिंबवाली केली."

उभ्या उभ्या मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता, कापलेल्या भाताच्या पेंढीवर एक पाय ठेवून. मला वाटलं होतं तो चिडेल. मी त्याच्यासाठी तयारी करून गेलो होतो. तो चिडला नाही. खाली बसला, डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

"आमी बी हसायचो की, दाजी," तो म्हणाला. "मी तर लई हसायचो."

मग त्यानं खाचराच्या दुसऱ्या टोकाला कापत असलेल्या बायकोला हाक मारली, "आगं, हिकडं ये. पोरास्नी बी घेऊन ये. दाजी अक्काचं कायतरी सांगत्यात." ती विळा घेऊनच आली. मागून सुना आल्या, नातवंडं आली. सगळे बांधावर बसले. तो मला म्हणाला, "पुन्ना सांगा. पयल्यापासनं सांगा."

मी बांधावर टेकलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.